साठ हजारांचं शिवणयंत्र

आमच्या साहेबांनी एकदा दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत दोन तास काढले होते. त्यांचा एकही दात दुखत नव्हता. खुर्ची जुनी होती, परदेशातून आली होती आणि तिची किंमत लिहून द्यायची होती. साहेबांनी ती वर केली, खाली केली, मागे पाडली, तिच्यात झोपले, चक्क घोरले आणि उठून मला म्हणाले, "ताई, लिहा. डाव्या हाताची गादी अर्धा इंच दबलेली." खुर्ची आणणारे डॉक्टर तोवर दोनदा चहा पिऊन आले होते.

मी साहेबांकडे टायपिस्ट होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही सातारकडचे. माझे मिस्टर तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, एकाच्या कमाईत भागेना म्हणून मी टायपिंग शिकलेली. साहेबांचं ऑफिस कोपरखैरण्याला त्यांच्या रो-हाऊसच्या तळमजल्यावर, वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. साहेब सरकारमान्य इंजिनीअर. परदेशातून जुनं यंत्र आलं की ते काय आहे, किती जुनं आहे, अजून किती वर्षं चालेल आणि त्याची किंमत काय, हे कस्टमला एखाद्या इंजिनीअरच्या सहीशिक्क्यानिशी द्यावं लागायचं. त्यावरून ड्यूटी ठरायची. बाकीचे इंजिनीअर हे काम कागद बघून, चहा संपायच्या आत उरकायचे. आमचे साहेब यंत्र स्वतः चालवल्याशिवाय पेनाचं टोपण काढायचे नाहीत.

"विकणारा किंमत फुगवतो, घेणारा पाडतो, एजंट दोघांचं ऐकून मधली सांगतो," असं त्यांचं म्हणणं. "खोटं न बोलणारं एकच असतं, ते यंत्र. पण कामाला लावल्याशिवाय ते तोंड उघडत नाही." मालकाने चालवून दाखवलेलंही त्यांना पसंत नसे. मालकाच्या हाताखाली लंगडा घोडासुद्धा नाचतो, म्हणायचे.

त्यामुळे भरतकामाच्या यंत्रावर त्यांनी स्वतःच्या रुमालावर एक बदक काढलं आणि ते बदक पुढे दोन वर्षं त्यांच्या खिशातून डोकावत होतं. बेकरीचं पीठ मळायचं यंत्र आलं तेव्हा पदरच्या पैशाने दहा किलो मैदा आणला. त्या आठवड्यात त्यांच्याकडे, आमच्याकडे आणि शेजारच्या दोन घरांत सकाळ-संध्याकाळ शंकरपाळे होते. ब्यूटी पार्लरातलं केस वाळवायचं यंत्र आलं. साहेबांच्या डोक्यावर केस नावाला. तरी डोकं ओलं करून ते त्या टोपाखाली वीस मिनिटं बसले आणि टकलावर हात फिरवून म्हणाले, "उजवीकडे कमी तापतं."

ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांनी पांढऱ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पंखा: तीन वर्षं. स्टूल: एक वर्ष, जाड माणसाने बसू नये. माझा टाइपरायटर: सहा वर्षं, ताईंनी राग कळपट्टीवर काढला नाही तर. एकदा काकूंनी गुपचूप त्यांच्या शर्टाच्या पाठीवर एक चिठ्ठी लावली, 'मुदत संपली', आणि साहेब तशीच ती घेऊन वाशीला बँकेत जाऊन आले.

काकू म्हणायच्या, "सोन्याची अंडी देणारी कोंबडी यांना दिली तर आधी आम्लेट करून बघतील." खोटं नव्हतं. एजंट लोक साहेबांना टाळायचे. ज्याला खरोखर खरी किंमत हवी असेल तोच आमच्याकडे यायचा आणि असा माणूस महिन्यातून एखादा. माझा पगार दर महिन्याला सात तारखेचा दहा तारखेला जायचा, ते यामुळेच.

तर ते शिवणयंत्र.

एका सकाळी एक एजंट आला. नवा होता, म्हणून आला. "साहेब, टेन्शन घेऊ नका, छोटं काम हाय. जुनी शिलाई मशीन. दोन हजार लिहा, सही मारा. पोरगं गरीब हाय." पोरगं त्याच्या मागे उभं होतं. चाळिशीचं, अंगाने भक्कम, पायात परदेशी बूट.

जासईजवळच्या एका यार्डात एक लाकडी पेटी पडून होती. तिथल्या कारकुनाने फळी उचकटून आत डोकावलं, त्याला लोखंडी पाय दिसले, पायाने दाबायच्या पट्ट्या दिसल्या आणि त्याने रजिस्टरात 'शिलाई मशीन, जुनी' असं ठोकून दिलं. कस्टमच्या अधिकाऱ्याला संशय आला. त्याने इंजिनीअरचा दाखला मागितला होता.

साहेबांनी कागद वाचला आणि त्या माणसाला म्हणाले, "शिवणयंत्र ना? मग मला एक पिशवी शिवून दाखवाल?"

त्याने एजंटकडे बघितलं, मग जमिनीकडे. "साहेब, ता शिवनयंत्र नाय. गिटार हाय." एजंटने कपाळावर हात मारला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. हा जासईच्या अलीकडच्या एका गावातला आगरी. वडिलांची मिठागरं बंदर आलं तेव्हा गेली. हा अकरा वर्षं प्रवासी बोटीवर होता, बोटीच्या धोबीखान्यात. गाव त्याला बोटीवालाच म्हणायचं. त्या बोटीवर रात्री जेवणाच्या वेळी बँड वाजायचा आणि त्यात एक म्हातारा गोरा हे वाद्य वाजवायचा. इस्त्रीच्या टेबलासारखं आडवं, वर दहा तारा, खाली पायाच्या पट्ट्या आणि गुडघ्याने ढकलायचे दांडे. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून ती तारांवरून सरकवायचा.

"पयल्यांदा आयकला तवा मना वाटला, आय गाते," बोटीवाला म्हणाला.

त्याची आई धवलारीण होती. आमच्या सातारकडे हे नाही, मला तेव्हा समजावून घ्यावं लागलं. आगरी लग्नात मांडव घालण्यापासून सगळे विधी धवलारीण लावते. प्रत्येक विधीला तिचं गाणं, त्याला धवला म्हणतात. ती गात नाही तोवर हळदसुद्धा लागत नाही. बोटीवाल्याच्या भावांची बँजो पार्टी होती, म्हणजे हळदीला वाजवणारं पथक. त्यांनी आईचे धवले क्यासिओवर वाजवून बघितले होते.

"क्यासिओ जिना उतरतंय, साहेब. एक पायरी, दुसरी पायरी. आय तशी नाय गात. ती वरशी घसरत येते नि जितं थांबाचा तितंच थांबते. ह्या गिटारला ता जमतंय." म्हाताऱ्याने बोट सोडली तेव्हा याने ते वाद्य त्याच्याकडून विकत घेतलं होतं. किती दिले ते एका चिठ्ठीवर म्हाताऱ्याच्या हातचं लिहिलेलं होतं: सोळाशे डॉलर. घरी कळलं तेव्हा भावांनी तोंडं फिरवली आणि आईने, अकरा वर्षांची कमाई लोखंडात घातली म्हणून, चार दिवस अबोला धरला.

आणि आता महिनाअखेरीला ती पेटी लिलावात जाणार होती. त्याच्या हातात तेवीस दिवस होते. यार्डाचं भाडं रोज चढत होतं ते वेगळंच.

मला विचाराल तर दोन हजार लिहून माणसाला मोकळं करावं असंच मला वाटत होतं. मी तसं म्हटलंही. साहेब म्हणाले, "उद्या सकाळी आठला स्कूटरवर बसा. जाड वही घ्या."

यार्डात कस्टमचे अधिकारी भेटले. निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. साहेबांना ते ओळखून होते. "तुमचा दाखला आला की मला परत बघावं लागत नाही," म्हणाले आणि शेडच्या एका कोपऱ्यात पेटी उघडून तपासायची परवानगी दिली. "फक्त तारीख मी पुढे ढकलू शकत नाही. तो माझा अधिकार नाही."

बोटीवाल्याने ते वाद्य जोडलं. साहेबांनी वरून एकदा बघितलं, न बघितल्यासारखं केलं, जमिनीवर गोणपाट अंथरलं आणि उताणे होऊन त्याच्या खाली शिरले. अर्धा तास नुसता टॉर्चचा उजेड हलत होता. मग आवाज आला, "ताई, खाली या. वरून काही दिसत नाही."

मी पदर खोचून खाली गेले. कंटेनरवाले हसत होते, हसू देत. खाली एक वेगळंच जग होतं. दाभणाएवढ्या सळया, एकीला एक जोडलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला छोटा खटका. साहेबांनी पाय लांबवून पट्टी दाबली. एक सळी ओढली गेली, खटका फिरला, वर एक तार ताणली गेली. पाय उचलला, सगळं जागेवर.

"बघितलंत? परत येतं!" साहेब कुजबुजले. "शंभर वेळा दाबा, शंभर वेळा त्याच जागी परत येतं. ज्याने हे बनवलं त्याला झोप लागत नसणार." यंत्राबद्दल त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही खालून निघतोय तोवर लिलावाचा माल आधीच हेरायला आलेला एक भंगारवाला तिथे उभा होता. हाताने वाद्य उचलून बघत म्हणाला, "अठरा किलो भरेल. ॲल्युमिनियम चांगलं हाय." साहेब कधी कोणावर ओरडत नसत. त्या दिवशी ओरडले.

पुढचे चार दिवस त्यांनी किमतीचा माग काढला. मुंबईच्या तीन वाद्यांच्या दुकानांत गेले. एकाने असलं काही इकडे येतच नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्याने दीड हजार म्हटलं, तिसऱ्याने ते इस्त्रीचं टेबल नाही ना अशी खात्री करून घेतली. मग साहेबांनी एक खटका सोडवून खिशात घातला, अधिकाऱ्यांकडे रीतसर नोंद करून, आणि तुर्भ्याला एका ओळखीच्या कारखान्यात नेला. असला एक भाग बनवायला कुशल टर्नरचा किती वेळ, असले एकूण किती भाग, जोडणीला किती दिवस. वहीची चार पानं हिशेबाने भरली. वापराची झीज वजा केली. उत्तर साठ हजारांच्या अलीकडेपलीकडे आलं. त्यानंतरच त्यांनी तोवर मुद्दाम न उघडलेली म्हाताऱ्या गोऱ्याची चिठ्ठी वाचली आणि डॉलरचे रुपये केले. दोन्ही रस्ते एकाच फाटकाशी आले होते.

मला वाटलं, सुटलो. मी कागद घालून टाइपरायटर सरसावला.

"थांबा," साहेब म्हणाले. "हा बनवायचा खर्च झाला. काम करतं की नाही ते कुठे कळलंय? मला वाजवता यायला हवं."

आता साहेबांच्या गळ्याविषयी सांगितलं पाहिजे. सोसायटीच्या गणपतीत आरतीच्या वेळी त्यांच्या हातात कापराची वाटी देत, म्हणजे टाळ्या बंद आणि ज्योत विझू नये म्हणून तोंडही बंद. सूर त्यांच्या घराण्याच्या वाटेलाच गेलेला नव्हता. असा माणूस यार्डात रोज दुपारी दोन ते पाच त्या वाद्यासमोर बसू लागला. बोटीवाल्याने भावांकडून बँजो पार्टीचा ॲम्प्लिफायर आणि भोंगा आणला. पहिल्या दिवशी जो आवाज निघाला तो ऐकून क्रेनवाल्याने क्रेन थांबवली, त्याला वाटलं आपलाच दोर घासतोय. कारकून रोज येता-जाता विचारायचा, "काय साहेब, अजून शिवत नाय का?"

मी वहीत नोंदी करत होते. तिसरा दिवस: आवाज येतो. सहावा दिवस: आवाज येतो, नको तिथे. साहेबांच्या बोटांना फोड आले, त्यावर चिकटपट्ट्या. घरी ते काकूंच्या पायाच्या मशीनवर बसून पावलांची सवय करायचे, हातात लाटणं धरून इस्त्रीच्या टेबलावर सरकवायचे. "माझ्या मशीनचा पट्टा तुटला तर याची किंमत कोण लिहिणार?" काकू मला विचारायच्या.

बोटीवाला बिचारा शिकवत होता, पण त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. एका दुपारी तो हात जोडून म्हणाला, "साहेब, बस करा ना. दोन हजार लिव्हा, नाय त पाच लिव्हा. भारा चरतंय. नऊ दिवस रायलेत. आमचे पार्टीला ह्या गिटारवर पयला मांडव मिललाय, ता जाल."

साहेब म्हणाले, "अजून तिसऱ्या पट्टीवरून परत येताना माझा पाय चुकतो."

परतताना स्कूटरवर मी भांडले. मागे बसून, वाऱ्यावर, जोरात. "तुमच्या हट्टाचं भाडं तो माणूस भरतोय. पेटी लिलावात गेली, भंगारवाल्याने तोडली, तर तुमच्या खऱ्या किमतीचं काय लोणचं घालायचं?" त्यांनी स्कूटर कडेला घेतली, बंद केली.

"फी मी घेत नाहीये त्याची. पण ताई, मी दोन हजार लिहिले तर ते दोन हजारांचं होईल. कायमचं. उद्या मोडलं, हरवलं, त्याच्या पोराने विकायला काढलं, तर लोक माझा कागद काढतील. मी न बघता लिहिलेला कागद. तुम्ही टाइप केलेला."

त्यांचं म्हणणं मला पटलं. राग मात्र गेला नाही. दोन्ही खरं आहे, तेव्हाही होतं आणि आजही आहे.

लिलावाला सात दिवस उरले तेव्हा साहेबांनी अधिकाऱ्यांना निरोप पाठवला, उद्या चाचणी. "चाचणी घ्यायला कोणीतरी जाणकार हवा," ते बोटीवाल्याला म्हणाले. "सूर चुकला तर मला कळणार नाही आणि तुम्ही सांगणार नाही. आईंना आणा."

बोटीवाला कसनुसा हसला. आईने आजवर घरात त्या वाद्याचं नावही काढू दिलं नव्हतं. पण आली. भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन, पोराला डबा द्यायला आले असं दाखवत. सत्तरीच्या आसपास, ठेंगणी, आगरी पद्धतीने चापूनचोपून नेसलेलं लुगडं, हातात पाटल्या. मी त्यांना मावशी म्हटलं. त्या शेडच्या खांबाला टेकून, पाठ अर्धी फिरवून बसल्या.

साहेब मांडवाचा धवला शिकले होते. फक्त चार ओळी. त्यांनी घाम पुसला, पोलादी कांडी तारांवर टेकवली आणि सुरुवात केली. पहिली ओळ बऱ्यापैकी गेली. दुसरीच्या शेवटी त्यांचा पाय घाईत उचलला गेला.

"मास्तर," मावशी न वळता म्हणाल्या, "तितं थांबलाव कशाला? जरा पुडं जावा." आणि नकळत त्यांनी ती जागा गाऊन दाखवली.

साहेबांनी परत वाजवलं. परत चुकलं. मावशींनी परत गाऊन दाखवलं, या वेळी वैतागून आणि आमच्याकडे तोंड करून. चौथ्या खेपेला साहेबांचा पाय बरोबर पडला. आवाज वरून घसरत आला आणि मावशींचा आवाज जिथे थांबला तिथेच थांबला. त्यांनी पुढची ओळ उचलली, साहेब मागोमाग गेले. कुठला आवाज कुणाचा ते दोन क्षण मला खरंच कळलं नाही. क्रेनवाला खाली उतरून उभा होता. बोटीवाल्याने तोंड फिरवलं होतं.

चार ओळी संपल्या. साहेब उठले, लगेच खाली वाकून खटके बघितले, टॉर्च मारला आणि म्हणाले, "लिहा ताई. बत्तीस वेळा पट्टी दाबली, सैल काही नाही. उरलेलं आयुष्य वीस वर्षं, तेल घातलं तर. किंमत साठ हजार रुपये."

बोटीवाला म्हणाला, "साहेब, मना मारलाव." ड्यूटी निम्म्याच्या आसपास बसत होती. त्याची बोटीवरची उरलेली शिल्लक घराच्या स्लॅबमध्ये गेली होती. चाचणी बघायला आलेला एजंट पुढे सरसावला, दहा करा साहेब, बारा करा, आपल्याला कोण विचारतंय. अधिकारी खिडकीबाहेर बघत होते. साहेब नुसते उभे होते, आणि मी वही उघडी धरून. मनात त्यांना शिव्या देत होते, खोटं कशाला सांगू.

"काय बोलतंय यो?" मावशींनी पोराला विचारलं. त्याने सांगितलं. साठ हजार हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

मावशी उठल्या. वाद्याजवळ आल्या आणि पहिल्यांदा त्याला हात लावला. "मास्तर, साठ हजार कशाचे? लोखनाचे?"

"लोखंडाचे दीड हजारसुद्धा येणार नाहीत, मावशी," साहेब म्हणाले. "आवाज असा घसरवायचा आणि नेमका जागेवर थांबवायचा, हे दुसऱ्या यंत्राला येत नाही. त्याचे."

"ता त मना येतंय."

"हो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मावशींनी वाद्यावरचा हात काढला. मग सगळ्यांकडे बघून, पण कुणालाच उद्देशून नाही, असं बोलल्या, "चालीस वरसा मी मांडव उभं करते. ऊन नाय, ताप नाय, घरात मयत झाली तरी दुसरे दिवशी गेले. नारल, चोली नि शेरभर तांदूल. कुनी इचारला नाय, बाय तुजे गल्याची किंमत काय. नि माजेसारखा वाजतंय म्हनून ह्याला साठ हजार?"

"हो," साहेब म्हणाले.

"मंग लिव्हा. एक रुपाया कमी लिव्हाचा नाय."

"आये, ड्यूटी कोन भरंल?" बोटीवाला कळवळून म्हणाला. मावशी तोवर हाताला थुंकी लावून पाटल्या उतरवत होत्या. निघत नव्हत्या, वर्षानुवर्षं मनगटात रुतलेल्या. पोराने हात धरला तो त्यांनी झटकला. "माज्या हायेत. मी माजे गल्यापायी मोरते, तुजेपायी नाय."

मी तो दाखला त्याच दुपारी टाइप केला. आकड्यात आणि अक्षरात. पाटल्या उरणच्या सोनाराकडे गेल्या, ड्यूटी भरली गेली, आणि लिलावाला दोन दिवस असताना ते वाद्य टेम्पोत चढलं. कारकुनाने रजिस्टरातलं 'शिलाई मशीन' खोडलं, पण वर काय लिहावं ते न कळून जागा मोकळीच सोडली.

पुढच्या आठवड्यात मांडवाचं आमंत्रण आलं. साहेब, काकू आणि मी तिघं गेलो. सकाळचे दहा वाजले होते. अंगणात मांडवाच्या मेढी ठेवल्या होत्या, बायका जमल्या होत्या, एका बाजूला बँजो पार्टी आणि तिच्या मधोमध बोटीवाला, ते वाद्य पुढ्यात घेऊन. मावशी पाटावर बसल्या होत्या. मनगटं मोकळी. नवऱ्यामुलाचे थोरले काका, गावात त्यांना पाटीलच म्हणत, सूप घेऊन आले. सुपात नारळ, चोळीचा खण आणि तांदूळ.

मावशींनी सुपाला हात लावला नाही. "पाचशे एक," त्या म्हणाल्या.

बायकांत कुजबूज झाली. पाटलांना आधी वाटलं चेष्टा आहे. मग चेहरा बदलला. "येरी झालीस काय? तुजे आयशीनं बी नारलावर गायला."

"तिला कुनी इचारला नाय."

मांडव अडला. मेढी तशाच पडून. भटजी, वाजंत्री, वऱ्हाड कुणाचाच उपयोग नव्हता, धवला लागल्याशिवाय कोण मेढ रोवणार? बोटीवाल्याच्या भावांनी आईला खुणावलं, एवढ्यावरून पहिलीच सुपारी जाईल म्हणून. मावशी तशाच बसून राहिल्या, गुडघ्यांवर हात ठेवून. या बाईने सोनं मोडलं होतं आणि आता गावासमोर तिचं हसं होणार होतं.

पाटलांनी चौफेर बघितलं आणि त्यांना आमचे साहेब दिसले. "साठ हजार लिवनारे साहेब तुमीच ना? मंग तुमीच सांगा. तुमाला किमती कलतात. एका मांडवाचे पाचशे एक, जास्ती हायेत का नाय?"

साहेब उठले. नव्या सदऱ्याच्या बाह्या नीट केल्या. दाखला वाचून दाखवताना लावायचे तोच आवाज त्यांनी लावला.

"मी तपासलंय," ते म्हणाले. "पाचशे एक कमी आहेत."

मग पाटील सूप घेऊन घरात गेले. परत आले तेव्हा नारळाखाली नोटा होत्या. मावशींनी त्या मोजल्या नाहीत. पदराला गाठ मारली, पोराकडे बघून मान हलवली आणि आवाज लावला.